चिडीचूप रिपीटर

माझ्या दोन्ही पोरांचं काम एकाच डब्यावर चालतं. थोरला रेडिओचे सेट दुरुस्त करतो, धाकटी अॅम्ब्युलन्स चालवते. डबा म्हणजे टेकडीवरच्या खोलीतला रिपीटर. दरीतल्या गाडीचा बारीकसा आवाज पकडायचा आणि खणखणीत करून दवाखान्यात, आमच्या दुकानात पोचवायचा.

टेकडीवर त्याच्या शेजारी कुणाचा तरी टॉवर उभा राहिला आणि सेटवर नुसती खरखर. थोरल्याने दोन फिल्टर आणले. फिल्टर म्हणजे दारावरचा राखणदार. आपला आवाज आत, परका बाहेर. एकाची वाट रुंद, त्यातून थोडी खरखर शिरणारच. दुसऱ्याची अगदी अरुंद.

"अरुंदच बसवतो. चिटपाखरू शिरणार नाही."

"दादा, मला गोड आवाज नको. पोचला म्हणजे झालं."

"तू स्टिअरिंग सांभाळ गं, शहाणे!"

दुकानात शेगडीशेजारी बसून त्याने फिल्टरचे स्क्रू इवले इवले फिरवले, आपला आवाज त्या अरुंद वाटेच्या बरोबर मधोमध आणला. भर दुपारी टेकडीवर बसवला. धाकटी बाजारातून बोलली, स्वच्छ ऐकू आली. थोरल्याची कॉलर ताठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आणि हाडं गोठवणारा गारठा. सेट चिडीचूप. मी शेजारणीला मुद्दाम बोलावलं, "ऐक जरा!"

"काहीच येत नाही की!"

"तेच तर! माझ्या लेकाची करामत आहे."

एवढ्यात दार धाडकन उघडलं. धाकटी. गुडघ्यापर्यंत चिखल, एक हात ओढणीत बांधलेला, ओठ निळे.

"मेलात का सगळे? किती ओरडले मी!"

शेजारणीच्या हातातला कप खाली पडला. मी धाकटीला शेगडीपाशी ओढलं. धुक्यात वळणावर गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली होती, आत छातीत कळ आलेला म्हातारा. ही माइकमध्ये हाका मारतेय, आणि इथे मी शांततेचं कौतुक सांगतेय! शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्याने म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, नशीब त्याचं.

थोरला पांढराफटक. तसाच टेकडीवर पळाला. परतला तो खांदे पाडून.

"आई, इथे शेगडीच्या उबेला जुळवला होता. वर गारठ्यात फिल्टर आकसला आणि वाट सरकली. इतकी अरुंद, की आपलाच आवाज बाहेर राहिला."

"आणि दुपारी कसा चालला?"

"तेव्हा ऊन होतं. ही जवळही होती."

मी पाठ फिरवून धाकटीच्या पायांचा चिखल पुसायला लागले. रागावले असते तर बरं वाटलं असतं त्याला.

त्याने रुंद फिल्टर चढवला. धाकटी म्हणाली, आता बाजारातून नाही, त्याच वळणावरून बोलेन, तेही धुक्यातच. दुसऱ्या सकाळी हात गळ्यात बांधून दुसऱ्या ड्रायव्हरशेजारी बसून निघाली. मी माइक धरून बसले. खरखर, खरखर, आणि मग त्यातूनच:

"आई, ऐकू येतंय का गं?"

मी माइककडे बघून जोरजोरात मान डोलावली.

"आई! बटण दाबून बोल ना!"

"दाबलंय की! ये आधी घरी, मग बघते तुला."

थोरला माझ्या पाठीशी उभा होता. मी वळून पाहिलं नाही. त्याचा पडलेला चेहरा अजून पाहवत नव्हता.