पहिल्या रावसाचा घास

उजेड आधी पाण्याला आला, मग माणसांना.

कार्तिकातला, मधाळ-पिवळा, गारठ्याने जरा जड झालेला उजेड. खाडीच्या मुखाशी नदीचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शिरतं आणि दोघांचा मिळून एक गढूळ, गहूवर्णी पट्टा होतो. त्या पट्ट्यावर तो उजेड टेकला. थरथरला. खाली उतरला.

रावस तिथेच चरतो.

भरतीबरोबर आत येतो, रुप्याच्या अंगाचा, सोनेरी परांचा. डोळ्यांवर जन्मापासून काचेसारखा पातळ पडदा. गढुळात डोळे काय कामाचे? म्हणून छातीखाली तंतू, बोटांसारखे. त्या बोटांनी तो तळ चाचपतो, अंधारात माणूस भाकरी चाचपतो तसा. जवळा लागला, जवळा. तारली लागली, तारली. सुंगट, म्हणजे कोळंबी, लागलं की सुंगट, अख्खं. डोक्यासकट, मिशांसकट, सालासकट, शेवटच्या तडफडीसकट.

रावस सोलत नाही. रावस निवडत नाही. समुद्र भरवतो, तो गिळतो.

चरतो.

चरायचा.

कारण आता बाहेरच्या पाण्यात दुसरा चंद्र उगवतो. एक नाही, रांगच्या रांग. लायटीच्या बोटींचे दिवे, पांढरे, निर्दय, पापणी नसलेले. खऱ्या चंद्राला कला असतात, याला नाहीत. खरा चंद्र मावळतो, हा डिझेल संपेपर्यंत जळतो. बोटभर तारली, नखभर बांगडा, डोळा अजून पुरता न उघडलेलं पिल्लू, सगळं वेडं होऊन त्या उजेडाकडे धावतं आणि खालून जाळं मिटतं. मूठ मिटावी तसं. मग ते सगळं मासळीच्या कुट्याच्या कारखान्यात. वाळतं, दळतं, पोत्यात भरतं, आणि जातं दूर, कुठल्याशा थंड मुलखात, पिंजऱ्यात पोसलेल्या माशांच्या तोंडी.

पिंजऱ्यातला खातो. मोकळा उपाशी.

हे वाक्य शांतपणे लिहिता येत नाही.

*

शेवंती खवणेकरणीने सकाळीच पिशवी परत केली होती.

तिचा मुलगा गुरुदास अशाच एका लायटीच्या बोटीवर. बोट बंदराला लागली, तो घरी आला, येताना बोटीच्या बर्फातली सुंगटं घेऊन आला. सोललेली, डोकी काढलेली, गुळगुळीत, नागडी.

"ह्यां माझ्या चुलीवर चढूचां नाय," ती म्हणाली.

"आये, खावच्या वस्तूवर कसलो राग?"

"घेऊन जा. कावळ्यांका घाल."

पिशवी घेऊन तो किनाऱ्यावर गेला. वाडीची रापण ओढायची होती, सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं. हंगामातली पहिली. लायटीवर जाणाराही त्या दोराला हात लावतोच. दोर जुना, हात जुने, हाक जुनी.

हेऽऽ ओढ.

हेऽऽ ओढ.

वाळूत टाचा रुतल्या, पाठी ताणल्या, समुद्र इंचाइंचाने किनाऱ्याकडे सरकू लागला असं वाटलं. पण जाळं हलकं होतं. हाताला आधी कळलं. जाळ्यात पालापाचोळा, दोन-चार खेकडे, एक चप्पल.

आणि एक रावस.

एकच. पण रावस! वाळूवर त्याने शेपूट आपटलं आणि किनाऱ्यावर रुपं सांडलं. बायका ओरडल्या, पोरं नाचली. पहिला रावस म्हणजे घास सोडायचा.

या वाडीची ही रीत. हंगामातल्या पहिल्या रावसाचं पोट वाडीतल्या जाणत्या बाईने सगळ्यांसमोर उघडायचं. पोटात जे निघेल ते केळीच्या पानावर घेऊन समुद्राला परत करायचं. तुझा घास तुला. आधी तू, मग आम्ही. पोटात जवळा निघाला तर पुढची रापण खाडीच्या तोंडाशी, तारली निघाली तर खडकाच्या बाहेर.

आणि पोट रिकामं निघालं तर?

त्यालाही रीत होती. रापण पाण्यात टाकायची नाही, वर चढवून ठेवायची. रिकामं पोट पानावर घ्यायचं आणि ज्याने समुद्राचा घास खाल्ला त्याच्या उंबऱ्यावर ते पान ठेवायचं. पान उंबऱ्यावर आहे तोवर त्या घरातल्याने समुद्रावर पाय ठेवायचा नाही. आजवर कुणी पान ओलांडलं नव्हतं. कारण आजवर कुणाला ते ठेवावंच लागलं नव्हतं.

जाणती बाई: शेवंती.

रावस उचलला गुरुदासने. हातात घेतल्याघेतल्या त्याला कळलं. पोट चपटं. ओल्या फडक्यासारखं मिटलेलं. त्याने आईकडे पाहिलं. पानापाशी ती सुरी धुवत होती. लायटीवर जाणारा वाडीत एकच होता, आणि त्याचा उंबरा तिचाच होता.

तो उलटवून ठेवलेल्या होडीआड गेला. पिशवी तिथेच अडकवलेली होती.

परत आला तेव्हा रावसाचं पोट गोल होतं.

*

सुरी कल्ल्याखाली शिरली.

"काय गो शेवंते," कुसूम हसली, तिची जन्माची शेजारीण, "रावस तुझो पावणो काय? किती हळू कापतंस!"

"गप रव. हात कापात."

सुरी सरकली. रुपेरी कातडं उलगडलं, आत गुलाबी, आत मोतिया, आत ते चिमुकलं कोठार, जिथे समुद्र दरवर्षी वाडीसाठी निरोप ठेवतो. शेवंतीने बोट घातलं. तिच्या बोटांनी याआधी जवळ्याचा लगदा ओळखलाय, तारलीचा काटा ओळखलाय, सुंगटाचं डोकं, सुंगटाची मिशी.

बोटाला गुळगुळीत लागलं.

थंड लागलं. समुद्राचं गार नव्हे. बर्फाचं.

"काय गावलां?" लवू तांडेल पुढे झाला. रापणीचा म्होरक्या, छातीवर पांढरे केस, आवाजात अजून भरती.

तिने पानावर काढलं. एक. आणखी एक.

"सुंगटां!" पोरं ओरडली. "सुंगटां गावली!"

किनाऱ्याने श्वास सोडला. कुणी दोराला हात घातला, कुणी टोपी उडवली. तांडेल खाडीच्या तोंडाकडे बोट करून काही सांगू लागला. सगळे हसत होते. एक गुरुदास हसत नव्हता. तो वाळूकडे पाहत होता.

शेवंती पानाकडे.

सोललेली. डोकी काढलेली. गुळगुळीत, नागडी.

तिच्या पायांतून काहीतरी वर चढलं. दुःख नव्हतं ते. दुःखाला पाणी असतं. हे कोरडं होतं, लाल होतं, निखाऱ्यासारखं, पोटऱ्यांतून, मांड्यांतून, छातीतून वर, वर, जिभेपर्यंत. गप्प राहिली तर? तर उंबरा वाचतो. मुलगा वाचतो. रापण खाडीच्या तोंडाशी पडते, रिकामी येते, पुन्हा पडते, पुन्हा रिकामी, आणि वाडी वर्षभर आभाळाला शिव्या घालते.

"तांडेलानू."

"काय गो?"

"रावस सुंगटां सोलून खाता काय?"

कुसूम फिदीफिदी हसली. "मगे फोडणीय घालीत आसतलो!"

आणि हसू तोंडातच राहिलं. तिनेही पान पाहिलं. तांडेलाने पाहिलं. एकामागून एक माणूस वाकला, पाहून सरळ झाला, आणि सरळ होताना म्हातारा झाला.

"पोट रिकामां होतां," शेवंती म्हणाली. "ह्यां घातलेलां आसा."

"कोणी?"

गुरुदासने मान वर केली. "आये, तुझ्यासाठीच केलंय मां."

"माझ्याशी खोटां बोललंस, तां गिळलंय मी. दर्यात दूर जातंय, मोठी मासळी धरतंय म्हणालंस, तांय गिळलंय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मेलेल्या मुक्या जिवाच्या पोटात खोटां घातलंस? त्याचां जेवाण खाल्लंस, आणि वर तो जेवलो म्हणून सांगतंस?"

"मी नाय गेलंय तर दुसरो कोण तरी जातलो!"

"जाऊं दे. तो माझो झील नसतलो."

बंदराकडून बोटीचा भोंगा आला. लांब, घोगरा, अधीर. गुरुदास वळला आणि घराकडे निघाला. चालत, मग पळत. त्याची बॅग घरात होती.

"दार खयचां, शेवंते?" तांडेलाने हळूच विचारलं. माहीत असून. विचारायची रीत होती म्हणून.

"माझां."

*

पुढे ती, मागे वाडी.

सुंगटं कावळ्यांना गेली. पानावर आता फक्त रावसाचं रिकामं पोट, एका तळहातात मावेल एवढं. एवढंसं. आणि त्यात न मावलेला सगळा समुद्र.

माडांच्या सावल्या वाटेवर आडव्या. ती सावल्यांवर पाय देत गेली. उजेड, सावली. उजेड, सावली. दोन्ही हातांवर पान.

गुरुदास बॅग खांद्याला लावून आतून दाराशी आला, तेव्हा ती बाहेरून दाराशी पोचली होती.

तिने वाकून पान उंबऱ्यावर ठेवलं.

मध्ये फक्त ते. अलीकडे आई आणि अख्खी वाडी. पलीकडे तो.

"आये, सर. बोट सुटात."

"माका नको सांगू. त्याका सांग." तिने पानाकडे बोट केलं. "आणि जा ओलांडून. कोणी धरणार नाय."

कुणी धरलं नाही. कुणी हललं नाही. कुसूमसुद्धा.

भोंगा पुन्हा झाला.

गुरुदासने पाय उचलला. पाय हवेत राहिला, धनुष्यासारखा वाकलेला, वाळू अजून तळव्याला चिकटलेली. तळव्याखाली पानावरचं ओलं पोट क्षणभर चमकलं.

पाय मागे गेला.

भोंगा पुन्हा. तुटक, चिडका. मग इंजिनाची धडधड, आधी जवळ, मग लांब, मग नुसती पाण्यावरची कंप पावणारी रेघ. बॅग खांद्यावरून घसरली आणि सारवलेल्या जमिनीवर पडली.

शेवंतीने सुस्कारा सोडला नाही. ती उंबऱ्याबाहेर बसली, मांडी घालून, दाराकडे तोंड करून. राग अजून होता. राग असायलाच हवा होता. बाहेरच्या पाण्यात लायटीचे तेवढेच दिवे अजून जळणार होते.

वारा आला. पानाची कड उचलली गेली.

तिने कडेवर सुरी ठेवली.

पान थांबलं. मागे समुद्र येत होता, जात होता, येत होता, गढूळ, गहूवर्णी, बोटांनी किनारा चाचपत, काही लागतंय का पाहत.