गोदावरीचा काठ

केशवरावांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर नोकरी सोडावी लागली, त्याला कारण पाणी. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली, कारखान्यांची पाणीकपात झाली आणि त्यांच्या कंपनीनं एक अख्खा विभागच बंद केला. स्टोअर्समधले केशवराव घरी बसले. शहर मात्र कशाला थांबतंय? माणसं टँकरपुढं रांगा लावत होती आणि पडेगावपासून मुकुंदवाडीपर्यंत नवी घरंही उठत होती. नवं घर म्हटलं की वास्तुशांत आली. केशवरावांचे वडील भिक्षुकी करायचे, लहानपणीचं पाठांतर शाबूत होतं. त्यांनी कपाटातलं सोवळं बाहेर काढलं आणि बघता बघता बस्तान बसलं. कंपनीत साहेब त्यांना ‘ए स्टोअर्स’ म्हणून हाक मारायचा, इथं लोक वाकून ‘गुरुजी’ म्हणायला लागले. हे त्यांना फारच आवडलं.

मग मध्ये आल्या भानुमतीबाई. म्हणजे त्यांची स्वतःची बायको. त्या घरी शिकवण्या घ्यायच्या. सामान मांडायला, फुलं निवडायला म्हणून केशवरावांबरोबर जायला लागल्या. केशवराव मंत्र म्हणत आणि यजमान जांभया दाबत. एकदा भानुमतीबाईंनी सहज सांगितलं, उंबरठ्याची पूजा कशासाठी करायची ते, तर घरातली पोरंसोरंही मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागली. भानुमतीबाईंना गोडी लागली. पुण्याच्या एका बाईंच्या पौरोहित्याच्या वर्गाचे पाठ फोनवर ऐकून त्या सगळं रीतसर शिकल्या. आणि मग लोकांचे फोन येऊ लागले, “काकू रिकाम्या आहेत का?” आणि वाजायचा फोन कुणाचा? केशवरावांचा! भानुमतीबाईंचं उत्तर ठरलेलं असे, “आम्ही दोघं येऊ.” जात दोघंच, पण पाटावर त्या बसत आणि केशवराव बाजूला बसून समिधा सरकवत.

केशवरावांच्या पोटात दुखायला लागलं. उगाच शब्द कशाला फिरवायचे, त्यांना बायकोचा हेवा वाटत होता. तिच्या खणखणीत आवाजाचा, तिच्याकडे बघून माना डोलावणाऱ्या लोकांचा, अगदी तिच्या पाटाखालच्या रांगोळीचासुद्धा. एक नोकरी पाण्यानं नेली, दुसरी आता बायको नेणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

अशात त्यांना ती चूक सापडली.

पूजेच्या आधी हातात पाणी घेऊन संकल्प सोडतात. त्यात आपण कुठं बसलोय, हेही सांगावं लागतं. भानुमतीबाई पुण्याच्या बाईंचं ऐकून म्हणायच्या, “गोदावर्याः दक्षिणे तीरे.” पुणं गोदावरीच्या दक्षिणेला, त्यांचं बरोबरच आहे. पण आपलं शहर उत्तरेला! भानुमतीबाईंनी यजमानाला, नव्या घराला, होमकुंडाला आणि नवऱ्याला उचलून नदीपलीकडे नेऊन बसवलं होतं. केशवरावांनी ते ऐकलं आणि कित्येक महिन्यांनी त्यांना बरं वाटलं. त्यांनी सांगितलं नाही. मोठ्या ठिकाणी, जाणत्या माणसापुढं चुकू दे, मग बघू, असं ठरवून टाकलं. तोवर कुठल्याही घरी तो शब्द आला की ते मान खाली घालून मनसोक्त हसून घेत.

तसा दिवस आला. पिशोर गावच्या नानासाहेबांचा फोन आला.

“गुर्जी, आमच्या पोरानं, सत्यमनं, पडेगावला बंगला बांधलाय. वास्तुशांत करायचीय. पाटावर काकूच पायजेत बरं का, लई समजून सांगत्यात. आन् आमचे जुने गुर्जी, पैठणचे अप्पाराव, त्येबी येणारेत आशीर्वाद द्यायला.”

पैठणचे अप्पाराव! ज्यांचं बालपण गोदावरीच्या घाटावर गेलं, त्यांना काठ कळणार नाही? केशवरावांनी त्या दिवशी दोनदा चहा मागितला आणि बायकोशी गोड बोलले.

वास्तुशांतीच्या सकाळी रिक्षात भानुमतीबाईंनी पिशवीतलं सामान पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, “अहो, आज अप्पाराव असणार. माझं काही चुकत असेल तर आत्ताच सांगा.”

केशवराव रस्त्याकडे बघत म्हणाले, “छे गं. छान म्हणतेस तू.”

“नक्की?”

“नक्की.”

पूजा सुरू झाली. अप्पाराव खुर्चीत डोळे मिटून बसले होते. सत्यमच्या ओंजळीत पळीनं पाणी घातलं गेलं. सांडू नये म्हणून खाली ताम्हन होतं, ते पाणी नंतर तुळशीला जाणार होतं. केशवरावांनी समिधा हातातच धरल्या. भानुमतीबाई त्या शब्दापाशी आल्या. त्यांनी नवऱ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाल्या,

“गोदावर्याः उत्तरे तीरे.”

अप्पारावांनी डोळे न उघडता मान डोलावली. पूजा पुढं चालू राहिली.

जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात हात धुताना केशवरावांनी विचारलं, “तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच.” भानुमतीबाई ड्रममधलं पाणी तांब्यानं जपून घेत होत्या. “दर वेळी त्या एकाच शब्दाला हसायचात. मला आधी वाटलं, माझा उच्चार वाईट आहे. मग त्याचा अर्थ नीट लावला. इतकी वर्षं मुलांना भूगोल शिकवला मी, माझीच मला लाज वाटली. मागच्या आठवड्यात कळलं.”

“मग सकाळी मला कशाला विचारलंस?”

“तुम्ही सांगाल असं वाटलं होतं.”

केशवरावांना काहीतरी बोलायचं होतं. चूक बारीक होती, तसं दुष्काळात नदीत पाणी तरी कुठंय, असलं काहीतरी. तेवढ्यात नानासाहेब सुपारी कातरत आले.

“काकू, मन भरलं बघा. मुकुंदवाडीला आमच्या साडूंचं घर व्हायलंय पुढल्या महिन्यात. जमंल का?”

केशवरावांनी सवयीनं मान हलवायला सुरुवातही केली. ‘आम्ही दोघं येऊ’ हे त्यांना पाठ होतं.

भानुमतीबाईंनी पदराला हात पुसले.

“मी येईन,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं ह्यांना विचारा.”