शेवटची रांग

चाळीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवून वडील घरी बसले, त्याला तीन महिने झाले होते. आई जाऊन सात. मुलगी दर रविवारी यायची, कपबशा विसळायची, वडिलांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरून ठेवायची आणि जायची. सात महिन्यांत तिला एकदाही रडू आलं नव्हतं. लोक म्हणत, धीराची आहे. तिला स्वतःला मात्र दाताच्या डॉक्टरकडे भूल दिल्यावर गाल होतो तसं वाटे. आपलाच, पण चावला तरी कळणार नाही असा.

वडिलांनी नाट्यगृहातलं काम सोडलं ते आईपायी. नवा पडदा टांगला की आई रिकाम्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसे आणि तिथून खणखणीत आवाजात सांगे, "झाड अंगाने सुटलंय हो! आणि ती नदी आहे की वाळत घातलेली चादर?" वडील रंगमंचावर, लांब काठीला बांधलेला ब्रश घेऊन, मुकाट्याने नदी दुरुस्त करत. ती "हं" म्हणाली की पडदा पुरा झाला. ती गेल्यावर एक पडदा त्यांनी तिच्याशिवाय केला. कुणी नावं ठेवली नाहीत, पण त्याच आठवड्यात त्यांनी रंगशाळेच्या किल्ल्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या. "आता जरा माझ्यासाठी काढीन म्हणतो," एवढंच म्हणाले.

आज मुलगी आली तेव्हा कपाट भिंतीपासून हलवून खोलीच्या दारात सरकवलेलं होतं. तिला अंग चोरून आत यावं लागलं. खिडकीसमोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत कापड ताणलं होतं.

"ओळख बघू," वडील म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा उत्साह होता.

तिने पाहिलं. तपकिरी ढिगारे, एक जांभळा फराटा, ताटाएवढा पिवळा ठिपका.

"डोंगर आहे का? संध्याकाळचा?"

वडिलांनी ब्रश पाण्यात टाकला. "तुझी आई आहे."

"कुठे?" असं तिच्या तोंडून निघून गेलं. मग ते परत घेता येईना.

"चुकलंच माझं," वडील म्हणाले. "हाताला सवय चाळीस पावलांवरून दिसेल असं काढायची, आणि खोली आहे दहा पावलांची. आयुष्यभर दुसऱ्यांना मापं शिकवली मी." बोलता बोलता त्यांनी पांढऱ्या रंगाची बादली पुढे ओढली. "पाच वाजता मॅनेजरचा फोन यायचाय. नव्या नाटकाला पडदा हवाय त्याला. हो म्हणून टाकतो. माझ्यासाठी काढणं काही जमायचं नाही मला."

"तिच्याशिवाय करवेल तुम्हाला?"

"नाही करवणार. पण तिथे बिघडलं तर नाटक बिघडेल. इथे ती बिघडली."

मुलीने घड्याळ पाहिलं. पाचला वीस मिनिटं कमी होती.

"बादलीला हात लावू नका. खिडकी उघडी ठेवा. मी आलेच."

तिन्ही मजले उतरून तिने रस्ता ओलांडला आणि समोरच्या इमारतीचा उघडा जिना चढली. वाटेत पिशवी घेतलेल्या एका बाईने विचारलं, "कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही."

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती मागे वळली.

समोरच्या खिडकीत आई होती. हनुवटी वर, एक डोळा जरासा बारीक, काहीतरी खवचट बोलायच्या बेतात. डोंगर म्हणजे तिचं कपाळ, आणि पिवळं ताट म्हणजे गालावरचं ऊन. सात महिने मुलीला आईचा चेहरा आठवत नव्हता. डोळे मिटले की नळ्या लावलेलं तोंड तेवढं यायचं. आताही छातीत काही हललं नाही. हाताने कठडा इतका घट्ट धरला होता की तळव्याला गंज लागला. तिने फोन लावला.

"बाबा, आई आहे."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"हनुवटी जड केलीत. तोंडात लाडू कोंबल्यासारखी दिसतेय. ती अशी कुठे होती?"

पलीकडे बादली बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग, "कुठली बाजू?"

"डावी. माझी डावी!" जिन्यात आवाज घुमला. खालून पिशवीवाल्या बाईने मान वर करून पाहिलं.

वडिलांनी कान आणि खांद्यामध्ये फोन दाबून काठीचा ब्रश उचलला. "इथे?"

"खाली. आणखी. आता रंग मारून आतून कापा."

त्यांनी कापलं. "हं का?"

"एवढ्यात कसलं हं! डोळ्याखाली अजून चिखल आहे."

फोनमध्ये मध्येच टुकटुक वाजू लागलं. "मॅनेजरचा फोन आलाय वाटतं," वडील म्हणाले.

"घ्या मग."

"वाजू दे. कामात आहे मी."

टुकटुक थांबलं. वडील ब्रश घेऊन खिडकीशी आले, डोळ्यांवर हात धरून समोरच्या जिन्यात तिला शोधू लागले. आईचा अर्धा चेहरा त्यांच्यामागे गेला.

"बाबा, बाजूला व्हा," ती म्हणाली. "मागच्यांना दिसत नाहीये."