भेगेवरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टरची पट्टी आहे. वीतभर लांब, बोटभर जाड. माझ्यावर एक अख्खं दुमजली घर अवलंबून होतं असं सांगितलं, तर तुम्ही माझ्याकडे संशयाने बघाल. खुशाल बघा. मीही जन्मभर सगळ्यांकडे तसंच बघत आले.

डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या गावात जुन्या घरांना मोठा मान. पालिकेच्या परवानगीशिवाय खिडकीची चौकटसुद्धा बदलता येत नाही. घर पाडता येतं ते फक्त ‘धोकादायक’ ठरलं तर. त्यामुळे गावातली किती घरं आपोआप धोकादायक झाली आणि किती केली गेली, हे कुणीही छातीठोकपणे सांगणार नाही.

स्तोयनाआजींच्या घराशेजारी तानचेव्ह नावाच्या कंत्राटदाराने हॉटेलसाठी खोल खड्डा खणायला घेतला आणि आजींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग पडली. पालिकेच्या इंजिनियर नेवेनाबाई आल्या. त्यांनी भेगेवर मला आडवी थापली, पेन्सिलीने तारीख लिहिली आणि म्हणाल्या, "आजी, भेग वाढली की ही तुटेल. तुटली की लगेच फोन करा. त्याच दिवशी खड्ड्याचं काम बंद पाडते आणि भिंतीला टेकू लावते. नियमच आहे तसा."

"हो का," आजी म्हणाल्या. बाई गेल्यावर मात्र त्यांचं तोंड सुटलं. "बेकरीवाल्यांच्या भिंतीवरही अशीच चिकटवली होती. तुटली, दारावर ‘धोकादायक’चा कागद लागला, आणि महिन्याभरात घर साफ. मला नियम शिकवतेय."

त्या दिवसापासून आम्हा दोघींचा पहारा सुरू झाला. वरच्या मजल्यावरचे मिन्चोकाका गप्पा मारायला आले आणि भिंतीला टेकले, की आजी म्हणायच्या, "मिन्चो, पाठ खाजत असेल तर दाराला घास. तानचेव्हने पाठवलंय का तुला?"

"हो ना, पट्टी खाऊन ये म्हणाला," काका म्हणायचे आणि शेजारच्या खुर्चीवर बसायचे.

तानचेव्ह स्वतः एकदा गुलाबाच्या वड्यांचा डबा घेऊन आला. आजींनी त्याला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं आणि वड्या कोंबड्यांना घातल्या. मलाही तो पसंत नव्हता. इतकं गोड बोलणारा माणूस दुसरा हात पाठीमागे का ठेवतो, हे मला कधी उमगलं नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी खड्ड्यात यंत्र घरघरत असताना मी तुटले. केसाएवढी चीर पडली. कुणी हात लावला नव्हता, भिंतच सरकली होती. खरं सांगते, मला अभिमान वाटला. याच कामासाठी तर मला लावलं होतं.

आजींनी मला पाहिलं. फोन शेजारच्या टेबलावर होता. त्यांनी तो उचलला नाही. दह्याच्या रिकाम्या डब्यात त्यांनी प्लास्टर कालवलं, लोणी लावायच्या सुरीने माझी चीर भरली आणि ओल्या फडक्याने अलगद पुसली. तारखेला धक्का लागू दिला नाही.

शुक्रवारी नेवेनाबाई पाहणीला आल्या. मला चाचपून त्यांनी विचारलं, "कुणी हात लावला नाही ना हिला?"

"मी असताना? कुणाची बिशाद आहे?"

गावभर संशय घेणाऱ्या बाईवर संशय कोण घेणार? वहीत ‘पट्टी शाबूत’ अशी नोंद झाली आणि खड्डा आणखी दोन मीटर खाली गेला.

नोव्हेंबरात स्वयंपाकघराचा कोपरा खचला. आजी चर्चमध्ये होत्या म्हणून वाचल्या. घर धोकादायक ठरलं, पाडायची परवानगी नियमाप्रमाणे मिळाली. पाडण्याआधी नेवेनाबाईंनी मला भिंतीवरून सोडवलं, तेव्हा पुन्हा उकललेल्या चिरेत भरलेलं पांढरं प्लास्टर त्यांना दिसलं. त्यांनी मला आजींपुढे धरलं.

"मी जपलं हो तिला," आजी म्हणाल्या. "तुझ्यापासून जपलं."

मित्रांनो, आता मी बाईंच्या पिशवीत असते. नव्या घरी पट्टी लावण्याआधी त्या मला बाहेर काढून दाखवतात. अशा गोष्टींच्या शेवटी ‘मला जपा’ असं विनवायची पद्धत आहे. माझी विनंती उलटी आहे. तुमच्या भिंतीवर पट्टी लागली, तर लावणाऱ्यावर हवा तेवढा संशय घ्या, कागद मागा, दहा प्रश्न विचारा. पण पट्टीला तुटू द्या, आणि तुटली की झाकू नका. मला एकदाच बोलायचं होतं, आणि मी खरं तेच बोलले होते. माझ्यावर सगळ्यात जास्त माया करणाऱ्या आजींनीच माझं तोंड बंद केलं.