गाडी चोरीला जाऊ नये म्हणून

बारक्याच्या बाबांनी आयुष्यभर कुणाची वाट पाहिली असेल तर चोराची. त्यांच्या जुन्या गाडीचा रंग ओल्या सिमेंटसारखा होता आणि मागचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नसे. ती पळवायला कुणी आलाच असता, तर आईने त्याला चहा करून दिला असता. पण बाबांचा बंदोबस्त चोख. किल्ली फिरवण्याआधी चार ठिकाणी काहीबाही दाबल्या-ओढल्याशिवाय स्टार्टर हूं की चूं करत नसे. कुठे आणि काय, हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. "तुझ्या पोटात काही राहत नाही," म्हणायचे.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गाडीला चोराचा धोका कायमचा टळला. मालकाचाही टळला.

आता गाडी उभी होती त्या पायरीशेजारच्या जागेत बाबांच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा होता. मामा म्हणाला होता, "सुरू करून आणा, माझ्या अंगणात ठेवतो. ढकलत आणलीत तर फाटक उघडणार नाही." नाहीतर भंगारवाला. तो सकाळपासून टेम्पो लावून बसलाच होता. बाबा रोज उठून खुर्ची सरकवत खिडकीशी यायचे ते गाडी बघायला, एवढंच अजून करायचे. गाडी गेली तर ते कशाला उठतील, हे बारक्याला कळत नव्हतं. आईला कळत असावं, कारण ती त्यावर बोलत नव्हती.

गाडी सुरू करायला बोलावलेल्या वायरमनने डॅशबोर्डखालचं झाकण काढलं आणि हातातली पक्कड खाली ठेवली. आतल्या सगळ्या वायरी लाल. बाबांना लाल वायरीचं अख्खं भेंडोळं मिळालं होतं. लाल लालला जोडलेली, ती पुढे लालमध्ये शिरलेली.

"हे वडिलांनी चोरासाठी केलंय की माझ्यासाठी?" वायरमन म्हणाला.

बॅटरी चांगली होती. करंट तपासायचा टेस्टलॅम्प किल्लीपर्यंत लागत होता, किल्लीच्या पुढेही लागत होता, स्टार्टरपाशी विझत होता. ॲशट्रेमागे एक बटण सापडलं. दोघांनी जल्लोष केला. बटणाला वायरच नव्हती.

"फसवायला बसवलंय," वायरमन हळू आवाजात म्हणाला. "मानलं बुवा."

सीटखालच्या बटणाने वायपर सुरू झाले, ते काही केल्या बंद होईनात. स्टार्टरला डायरेक्ट करंट दिला तेव्हा इंजिन गरगरलं, पण पेटलं नाही, कारण ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची वाटही तोडलेली. कॉइलला डायरेक्ट दिला तेव्हा एक लाल वायर धूर सोडत वितळली. थेट जोडू पाहणाऱ्या चोराचा विचार बाबांनी आधीच करून ठेवला होता.

बारक्या आत गेला. "बाबा, स्टीअरिंगखाली आहे का? हो असेल तर डोळे मिटा."

बाबांनी डोळे मिटले.

"की दारात?"

मिटले.

"बाबा, माझ्या डोक्यावर शिंग आहे?"

मिटले.

"अरे, झोप येतेय त्यांना," आई म्हणाली. "सोड आता."

पण बारक्या हट्टाला पेटला. त्याने आणि वायरमनने बाबांना उचलून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. क्लचवर बारक्याने स्वतःचा पाय आडवा घालून ठेवला. वायपर कोरड्या काचेवर करकरत होते.

मग बाबांचा डावा हात उठला. गिअर न्यूट्रलमध्ये हलवून पाहिला. हीटरची दांडी तळाशी ओढली. रेडिओच्या खाली, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे अंगठा दाबला. आत कुठेतरी टक्क वाजलं. इतक्या वेळात त्या वायरींनी दिलेलं ते पहिलं उत्तर.

"चालू ठेवा, काका, चालू ठेवा," वायरमन पुटपुटला.

आता उजव्या हाताची पाळी होती. बाबांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं, उशिरा येणाऱ्या कारकुनाकडे बघावं तसं. हात आला नाही. बाबा थांबले. बारक्याने उजवीकडचं सगळं दाबून पाहिलं, दाराचं हँडल, लाइटची कळ, फ्यूजचं झाकण, काचेची मूठ. किल्ली फिरवली. काही नाही.

"बाबा, उजवीकडे कुठे? नुसतं बघा तरी."

बाबा हाताकडेच बघत होते. मग डावा हात पुन्हा गिअरवर गेला. हीटर. अंगठा. टक्क. आणि पुन्हा ते वाट बघत बसले, अजिबात न चिडता. आपलं काम आपण चोख केलंय, अशी त्यांची मुद्रा होती.

भंगारवाल्याने घसा खाकरला. "ताई, टेम्पो उन्हात आहे."

"बारक्या," आई म्हणाली, "उतरव त्यांना."

"आई, एकदा अजून..."

"तो हात नाही यायचा रे."

बारक्याने क्लचवरचा पाय काढला आणि बाबांच्या काखेत हात घातले. डावा हात गिअरवरून सुटेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली, आणि प्रत्येक बोट सोडवताना बाबांनी बारक्याकडे पाहिलं ते अनोळखी माणसाकडे बघावं तसं, जो भर दिवसा त्यांची गाडी पळवून नेत होता.