दांड्याला बांधलेली सुतळी

महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या झेंडी गेटाजवळ फक्रुद्दीनचाचांची पिठाची गिरणी होती. वीज गेली की तिथं एकच गलका उडायचा. दळण घेऊन आलेल्या बाया, शेजारचा मिरचीकांडपवाला श्रीमंत, पलीकडचा तेलघाण्याचा राधाकृष्ण, सगळे मिळून वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडायचे. कंपनीचे लोक धावत येऊन तार जोडायचे, आणि वीज आली आली म्हणेपर्यंत पुन्हा जायची. असं का होतं, हे कोणी स्वतःला विचारत नव्हतं.

मोटारीच्या स्टार्टरला एक दांडा असतो. वीज गेली की तो आपोआप खाली पडतो आणि वीज आल्यावर माणसानं उठून तो वर करायचा असतो. पण आपल्या लोकांची हुशारी पाहा! त्यांनी तो सुतळीनं वरच बांधून टाकलेला. वीज येताक्षणी सगळ्यांच्या आधी आपली मोटार फिरली पाहिजे ना!

कंपनीचे ओव्हरसीयर काकासाहेब एकदा गिरणीत येऊन बसले.

"चाचा, ही सुतळी सोडा. बसलेली गाडी उठवताना बैलाला केवढा जोर लागतो! एकदा चालती झाली की तोच बैल मजेत ओढतो. मोटारीचंही तसंच आहे. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे तो बैल. तुम्ही सगळे मिळून त्याला एकदम साऱ्या बसलेल्या गाड्या उठवायला लावता. पाळीनं सुरू करा. आधी राधाकृष्ण, मग श्रीमंत, मग तुम्ही."

"अन् मी पाळी धरून बसलो तर गिऱ्हाईक खालच्या गिरणीवर जाईल, साहेब! आधी त्यांना सांगा."

"त्यांना सांगूनच आलो. तेही हेच म्हणाले."

काकासाहेब गेले. पालथ्या घड्यावर पाणी!

गिरणीवर पाथर्डीकडचा पुंजाराम कामाला होता. त्याचा बाप उसाच्या फडात मेला होता. म्हणून बायकोला, भीमाबाईला घेऊन तो नगरला आला होता. "मालक, काय बी काम सांगा, पन फडावर पुन्यांदा जायाचं न्हाई," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. चाचा सांगतील तेव्हा सुतळी तोच बांधायचा.

दिवाळीच्या तोंडावर, ऐन बाजाराच्या दिवशी वारं सुटलं आणि तार तुटली. काकासाहेबांनी माणसं लावून ती जोडली आणि दारोदार निरोप धाडला, दांडे खाली ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. चाचांनीही डोलावली. मग पुंजारामाला खूण केली, आणि त्यानं सुतळी आवळली.

वीज आली. साऱ्या मोटारी एकदम हिसका देऊन उठल्या, आणि खांबावर धडाड्कन आवाज झाला! बाया पाट्या टाकून पळाल्या. ट्रान्सफॉर्मरमधून काळा धूर निघत होता, जळकं तेल रस्त्यावर ठिबकत होतं.

"झालं तुमच्या मनासारखं?" काकासाहेब धावत येऊन ओरडले. "लढाई चालू आहे. नवा मुंबईहून यायचा, अन् जे येतं ते आधी लष्कराला जातं. वर्ष लागेल, नाहीतर त्याहून जास्त."

चाचांनी जुनं तेलाचं इंजिन वीज घेतली तेव्हाच विकून टाकलं होतं. गिरणीला कुलूप लागलं. थोड्याच दिवसांत पुंजाराम बोचकं घेऊन दारात उभा राहिला.

"येतो, मालक. देवळालीकडं चाललो. ऊस तोडाया."

"अरे, फडावर जाणार नाही म्हणाला होतास!"

"पोटाला काय सांगू?" तो खाली बघत म्हणाला. "सुतळी म्याच बांधली हुती."

तू बांधलीस, पण सांगितलं मी, एवढं वाक्य चाचांच्या तोंडून निघालं नाही. निघायला हवं होतं.

नवा ट्रान्सफॉर्मर आला तो पुढचा पावसाळा सरल्यावर. पुंजारामाला बोलावणं धाडलं. आली ती एकटी भीमाबाई. कपाळ मोकळं होतं.

"फडावर पटकीची साथ आली, चाचा. रातीतनं गेले."

चाचांनी तिच्यापुढे हात जोडले. "भीमा, तुझ्या नवऱ्याला मी धाडलं ग तिकडं! मी!" लोकांदेखत हा म्हातारा हुंदके देऊन रडला. मग त्यांनी दांड्यावरची सुतळी ओरबाडून काढली आणि ती तशीच हातात घेऊन श्रीमंताकडे गेले, राधाकृष्णाकडे गेले. त्यांनीही खाली मान घालून आपापल्या सुतळ्या सोडल्या.

चाचांनी भीमाबाईला स्टार्टरपाशी उभं केलं. "पोरी, हा दांडा आता तुझ्या हातात. पाळी आल्याशिवाय वर करू नकोस. मी ओरडलो तरी नको."

पुढं वीज गेली आणि आलीही. आधी तेलघाणा घुमला.

"चाचा, करा की सुरू!" बाया ओरडल्या.

चाचांनी भीमाबाईकडे बोट दाखवलं. दांड्यावर हात ठेवून भीमाबाईच म्हणाली, "थांबा, बायांनो. अजून आपली पाळी न्हाई आली."

वाचकहो, कंपनीच्याही चुका असतील, त्या जरूर दाखवाव्यात. पण वीज सगळ्यांची आहे. पाळी मोडून जो पुढं घुसतो तो दुसऱ्याच्या घरातला दिवा मालवतो, आणि वर अंधाराच्या नावानं ओरडतो. हे साधं शहाणपण त्या गल्लीला आलं खरं, पण त्यासाठी पुंजारामाला मरावं लागलं. आपण तरी तेवढी वाट पाहू नये.