सुनेच्या तीन ओळी

ऑफिसात मला सगळे मास्तर म्हणतात, कारण चुका काढण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. माझी सूनही इथेच कामाला आहे. तिच्या चुका तर मी भिंग लावून शोधतो. सासऱ्याने पाठीशी घातलं असं उद्या कुणी म्हणायला नको.

दवाखान्यात वेळ घ्यायची साइट मी बारा वर्षांपूर्वी पीएचपी या संगणकी भाषेत लिहिली. रुग्णाने दाबलेल्या बटणाचं नाव सर्व्हरकडे येतं. मग ‘हे असेल तर वेळ दे, ते असेल तर वेळ बदल’ अशी माझी एकशे चाळीस ओळींची शिडी. सुनेने ती काढून तीन ओळी लिहिल्या. शेवटच्या ओळीत, आलेल्या नावाचीच मेथड, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडा, थेट बोलवायची.

ती एक ओळ वाचूनच मी भडकलो. हा शहाणपणा मी तरुणपणी केला होता. कुणीतरी ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत सगळं पुसणाऱ्या मेथडचं नाव टाकलं आणि दिवसभराच्या वेळा गेल्या. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो. तिला बजावलं, एक जरी भोक सापडलं तर माझी शिडी राहील आणि तू पुन्हा बटणांचे रंग बदलत बसशील. “बघा ना, बाबा,” एवढंच ती म्हणाली.

चाचणीच्या प्रतीवर मी पुसणाऱ्या मेथडचं नाव टाकलं. पानाने नकार दिला. पहिल्या ओळीत तिने चालणाऱ्या नावांची यादी केली होती. दुसरीत, यादीबाहेरचं नाव आलं तर तिथेच थांबायचं. मग मी वाटेल ती वेडीवाकडी नावं टाकली. तासभर डोकं आपटलं, पण तिच्या ओळी ढिम्म हलल्या नाहीत.

“बाबा, आता यातलंच एखादं नाव तुमच्या शिडीत टाकता?” तिने हळूच विचारलं.

टाकलं. काहीच जुळेना, म्हणून गाडी थेट शेवटच्या पायरीवर गेली. तिथे मीच लिहिलं होतं, वरचं काही नसेल तर वेळ रद्द कर. चाचणीतल्या रुग्णाची वेळ रद्द झाली. बारा वर्षं हे भोक माझ्या नाकाखाली होतं.

आता लक्षात आलं, तिला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चारचौघांत बोलली नाही, मुकाट्याने शिडी बदलायला घेतली.

मी उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मास्तरांची चूक सुनेने पकडली. हिचंच काम साइटवर चढवायचं.”

मग माझ्या एकशे चाळीस ओळी मी स्वतः पुसल्या. त्या लिहितानाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.